नस म्हणजे नक्की कोणती?

ॲरिझोनात घड्याळं पुढेमागे करत नाहीत. त्यामुळे चँडलर आणि भारत यांच्यातला फरक बारा महिने तेवढाच राहतो, साडेबारा तास. इथे दुपारचे साडेतीन वाजले की सांगलीकडे पहाटेचे चार. ज्यांचे आईवडील तिकडे आहेत त्यांना हे गणित तोंडपाठ असतं. पहाटे चारला तिकडून फोन आला तर तो सहज आलेला नसतो, हेही ठाऊक असतं.

गेल्या ऑक्टोबरात असाच दादाचा फोन आला. बाबांना दोन दिवस ताप होता. लघवीतला संसर्ग रक्तात पसरला होता, रक्तदाब खाली खाली जात होता आणि त्यांना आयसीयूत हलवलं होतं. "डॉक्टर म्हणतायत मानेच्या नसेत नळी घालावी लागेल. सही मागतायत. करू का?"

मी लॅबच्या पार्किंगमध्ये उन्हात उभी होते. माझी पीएच.डी. बायोमेडिकल इंजिनिअरिंगमधली आहे, मी डॉक्टर नाही. पण ही नळी काय असते आणि अशा वेळी ती का लागते हे मला माहीत होतं. "कर सही," मी म्हटलं. तो निर्णय बरोबरच होता. त्या नळीमुळे बाबा वाचले, हे आधीच सांगून ठेवते.

तिसऱ्या दिवशी बाबा बऱ्यापैकी शुद्धीवर होते. दादाने व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी हात हलवला. तेवढ्यात आईचा आवाज आला, "अगं, ह्यांचा उजवा डोळा बघ. निम्मा मिटल्यासारखा दिसतोय. झोपेतून उठल्यावर दिसतो ना, तसा. पण एकच."

आमच्या सगळ्यांच्या मनात एकच शब्द आला, अर्धांगवायू. दादा धावत डॉक्टरांकडे गेला. त्यांनी हातपाय तपासले, बोलायला लावलं, हसायला लावलं. सगळं ठीक होतं. मग त्यांनी खोलीतला दिवा मंद करून टॉर्चने दोन्ही डोळे पाहिले. उजवी बाहुली डावीपेक्षा लहान होती. मानेचं सीटी स्कॅन झालं. मेंदूकडे जाणारी मोठी धमनी शाबूत होती, पण नळी घातली तिथे आत रक्त साकळलं होतं. डॉक्टरांनी समजावलं, "नळी नीट जागेवर आहे, पण मानेतल्या एका नसेवर दाब आलाय."

त्यावर आईने जो प्रश्न विचारला, त्यातून हा लेख सुरू झाला. "नसेवर दाब म्हणजे काय? नळी नसेतच घालायची होती ना? मग नसेला लागलं असं कसं म्हणता?"

एक शब्द, दोन गोष्टी

आईचं काहीच चुकलं नव्हतं. सलाइन लावताना सिस्टर म्हणतात "नस सापडत नाही", तेव्हा त्यांना रक्तवाहिनी म्हणायचं असतं. कंबर धरली की आपण म्हणतो "नस दबली", तेव्हा आपल्याला संवेदना आणि हुकूम वाहून नेणारा तंतू म्हणायचा असतो. 'शीर' शब्दाचंही तसंच. रक्ताने टम्म फुगते तीही शीर, आणि पायात गोळा आला की 'शिरेवर शीर चढली' म्हणतो तीही शीर. शरीरात जे लांब, बारीक आणि दोरीसारखं दिसतं, त्याला आपली रोजची भाषा एकाच नावाने हाक मारते.

असं आपल्याकडेच होतं असं नाही. ग्रीक भाषेतल्या 'न्यूरॉन' शब्दाचा जुना अर्थ स्नायू हाडाला बांधणारी दोरी असा होता. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हेरोफिलस आणि एरासिस्ट्रॅटस यांनी शवविच्छेदन करून चेता वेगळ्या ओळखल्या. तोवर हा गोंधळ तिथेही होता.

शाळेच्या पुस्तकात आपण नेमके शब्द शिकलो होतो. हृदयाकडून रक्त नेते ती रोहिणी किंवा धमनी, हृदयाकडे रक्त आणते ती नीला किंवा शिरा, आणि संदेश नेते ती चेता. या लेखापुरतं ठरवू या: शीर म्हणजे हृदयाकडे रक्त आणणारी वाहिनी, धमनी म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी, आणि चेता म्हणजे संदेशांची तार. आता आईच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येतं. नळी शिरेत घातली, आणि त्रास शेजारच्या चेतेला झाला.

ही नळी लागते कशाला?

हातातल्या बारीक शिरेला सगळी औषधं सोसत नाहीत. रक्तदाब कोसळल्यावर देतात ते नॉरएपिनेफ्रिन रक्तवाहिन्या आवळून धरतं. ते हाताच्या शिरेतून बाहेर झिरपलं तर तिथली कातडी मरू शकते. केमोथेरपीची काही औषधं, शिरेतून दिलं जाणारं संपूर्ण पोषण, तातडीचं डायलिसिस, या सगळ्यांना भरपूर रक्त वाहतं अशी मोठी शीर लागते. म्हणून मानेतून, कॉलरच्या हाडाखालून किंवा जांघेतून एक लवचीक नळी मोठ्या शिरेत सरकवतात. मानेतून किंवा छातीतून घातलेल्या नळीचं टोक हृदयाच्या तोंडाशी जाऊन थांबतं. हीच सेंट्रल लाइन. दंडातून घातलेल्या लांब नळीचं टोकही तिथेच पोचतं. तिला इथे सगळे 'पिक लाइन' म्हणतात.

हृदयापर्यंत नळी नेता येते हे १९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावच्या वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःवर करून दाखवलं. त्याने कोपराजवळच्या शिरेतून मूत्रमार्गासाठीची नळी आत सरकवली आणि ती आत असतानाच चालत जाऊन एक्सरे काढून घेतला. तेव्हा त्याला बोलणी खावी लागली. १९५६ साली त्याच कामाबद्दल त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९५२ साली रॉबेर ओबान्याक या फ्रेंच डॉक्टरने कॉलरच्या हाडाखालच्या शिरेत सुई घालण्याची रीत मांडली. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगरने आजही वापरात असलेली युक्ती प्रसिद्ध केली. आधी पोकळ सुई, सुईतून तार, मग सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी आत सरकवायची.

आज ही रोजची गोष्ट आहे. एकट्या अमेरिकेत वर्षाला पन्नास लाखांहून जास्त सेंट्रल लाइन घातल्या जातात, असं २००३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधल्या एका आढावा लेखात म्हटलं होतं. संसर्ग, रक्ताची गुठळी, चुकून धमनीला टोच, फुप्फुसाला भोक हे तिचे नेहमीचे धोके. चेतेची इजा या यादीत अगदी खाली येते. ती इतकी विरळ आहे की तिच्याबद्दलची बरीचशी माहिती एकेका रुग्णाच्या नोंदीतूनच जमा झाली आहे.

मानेतली गल्ली

हाताची बोटं मानेच्या बाजूला ठेवा आणि डोकं दुसऱ्या बाजूला वळवा. कानामागून छातीकडे तिरका येणारा एक स्नायू बोटांखाली ताठ होतो. खाली कॉलरच्या हाडाजवळ त्याचे दोन फाटे होतात. त्या बेचक्यात, कातडीखाली एक-दोन सेंटिमीटरवर, मानेतली मोठी शीर असते.

पण ती तिथे एकटी नसते. पुण्याच्या पेठेतली गल्ली आठवा. एकाला लागून एक घर, भिंतीला भिंत, आणि वरून जाणाऱ्या कुणाच्या तरी तारा. शिरेला खेटून मेंदूकडे जाणारी धमनी. दोघींच्या मधे मागच्या अंगाला 'व्हेगस' ही लांबलचक चेता. या तिघींच्या मागे, मणक्याला लागून, डोळ्याची बाहुली आणि चेहऱ्याचा घाम सांभाळणारी सिंपथेटिक चेतांची साखळी. थोडं बाहेरच्या बाजूला, एका स्नायूच्या अंगावरून उतरणारी फ्रेनिक चेता, जी श्वासपटल हलवते. त्याच स्नायूच्या मागून अख्ख्या हाताला जाणाऱ्या चेतांचा जुडगा बाहेर पडतो. आणि श्वासनलिकेच्या कडेने स्वरयंत्राची चेता वर चढत असते.

मानेच्या या भागाचं महत्त्व आपल्याकडे फार पूर्वी नोंदवलेलं आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १०७ मर्मं मोजली आहेत. त्यातली चार कंठनाडीच्या दोन्ही बाजूंना आहेत, दोन नीला आणि दोन मन्या. तिथे इजा झाली तर माणूस मुका होतो, आवाज बदलतो किंवा चव कळेनाशी होते, असं तिथे सांगितलंय. सुश्रुताला आजच्या अर्थाने चेता माहीत होत्या असा याचा अर्थ काढायचं कारण नाही. पण मानेच्या बाजूला जखम झाली की आवाज जातो, हे कुणीतरी नीट बघून लिहून ठेवलं होतं.

चेता दुखावते कशी?

सुई थेट चेतेत टोचते, हे झालं एक कारण. पण तेच एकमेव नाही. कातडी बधिर करायला दिलेलं लिग्नोकेन आजूबाजूला पसरलं तर शेजारची चेताही काही वेळ झोपते. पापणी उतरते, आवाज बसतो, आणि काही तासांत सगळं आपोआप जागेवर येतं. दुसरं म्हणजे साकळलेलं रक्त. सुईने शीर किंवा धमनी थोडी फाटली आणि रक्त बाहेर जमलं, तर त्या अरुंद जागेत ते चेतेला दाबतं. संसर्गात प्लेटलेट कमी झालेल्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या माणसात याची शक्यता वाढते. बाबांच्या बाबतीत हेच झालं होतं. तिसरं कारण उशिरा येतं. नळीभोवती गुठळी होते, औषध शिरेबाहेर झिरपतं किंवा जागा चिघळते. तेव्हा त्रास काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी सुरू होतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट आहे. सुई जितक्या वेळा टोचावी लागते तितका धोका चढतो. वर सांगितलेल्या आढावा लेखानुसार, तीन किंवा जास्त प्रयत्न लागले तर टोचण्यातून होणाऱ्या इजांचं प्रमाण पहिल्याच प्रयत्नात काम झालेल्यांच्या सहापट होतं.

चार चेता, चार खुणा

कोणती चेता दुखावली यावर काय दिसणार हे ठरतं. मुख्य चार पाहू.

सिंपथेटिक साखळी. हिच्या तारेचा प्रवास मोठा गमतीचा आहे. मेंदूच्या तळातून निघून ती पाठीच्या कण्यातून छातीपर्यंत खाली उतरते, फुप्फुसाच्या शेंड्यावरून वळून पुन्हा मानेत चढते, आणि धमनीचा हात धरून डोळ्यापर्यंत जाते. म्हणून मानेत धक्का लागला तरी खूण डोळ्यात दिसते. पापणी एक-दोन मिलिमीटर उतरते, बाहुली लहान होते, चेहऱ्याच्या त्या बाजूला घाम कमी येतो. झुरिकचे नेत्रतज्ज्ञ योहान फ्रीडरिश हॉर्नर यांनी १८६९ साली हे वर्णन केलं, म्हणून याला हॉर्नर सिंड्रोम म्हणतात. अंधारात बाहुल्या मोठ्या व्हायला हव्यात. दुखावलेल्या बाजूची होत नाही, म्हणून मंद उजेडात फरक चटकन कळतो. ही खूण अचानक दिसली तर डॉक्टर मानेच्या धमनीची तपासणी लगेच करतात, कारण धमनीचं आतलं अस्तर फाटलं असेल तरी अगदी असंच दिसतं आणि त्यातून पुढे खरा अर्धांगवायू होऊ शकतो. म्हणजे आईची भीती अगदीच अनाठायी नव्हती.

स्वरयंत्राची चेता. ही व्हेगसची फांदी. उजवीकडे ती खांद्याकडे जाणाऱ्या धमनीला आणि डावीकडे थेट महाधमनीला वळसा घालून पुन्हा वर येते. दुसऱ्या शतकात गेलनने डुकराची ही चेता कापून त्याचं ओरडणं बंद करून दाखवलं होतं. ही दुखावली की आवाज घोगरा होतो, आणि पाणी पिताना ठसका लागतो.

फ्रेनिक चेता. मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मुळांतून निघून ती कॉलरच्या हाडामागच्या शिरेच्या आणि धमनीच्या मधून छातीत उतरते. ती दुखावली की त्या बाजूचं श्वासपटल वर चढून बसतं. धडधाकट माणसाला एका बाजूचं श्वासपटल बंद पडलेलं कधी कधी कळतही नाही. पण दमेकऱ्याला आडवं झोपलं की धाप लागते, आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला तो काढून घेणं जड जातं. न थांबणारी उचकी हीही या चेतेची कुरकुर असू शकते.

हाताचा जुडगा. सुई टोचताना हातात वीज चमकल्यासारखी कळ जाते, नंतर मुंग्या किंवा बधिरपणा राहतो, कधी हात उचलत नाही. दंडातल्या पिक लाइनच्या बाबतीत शेजारीण असते ती मीडियन चेता. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं तिच्या ताब्यात असतात.

खरा धोका: नजरेतून सुटणं

या खुणा वाचायला सोप्या वाटतात. आयसीयूत त्या ओळखणं अवघड असतं, कारण प्रत्येकीला सोयीचं दुसरं कारण तयार असतं. आवाज बसला? घशात व्हेंटिलेटरची नळी होती ना. धाप लागते? न्यूमोनिया आहे. पापणी उतरली? झोपेचं औषध चालू आहे. हातात मुंग्या येतात? पडून पडून हात अवघडला असेल. बहुतेक वेळा ही कारणं खरीही असतात. पण ज्या एखाद्या वेळी ती खरी नसतात, त्या वेळी रुग्ण स्वतः सांगू शकत नाही आणि बदलत्या पाळ्यांमधल्या डॉक्टरांना त्याचा नेहमीचा चेहरा माहीत नसतो.

इथे चँडलरमध्येही मी असंच पाहिलं. आमच्या ओळखीतल्या एका काकांना व्हॅली फीवर झाला. ॲरिझोनाच्या मातीतल्या बुरशीचा हा आजार बहुतेकांना खोकला-तापावरच सोडतो, पण काकांचा हाडापर्यंत गेला होता. शिरेतून औषध द्यायला दंडात पिक लाइन घातली आणि त्यांना घरी पाठवलं. दुसऱ्या आठवड्यात अंगठा आणि दोन बोटांना मुंग्या यायला लागल्या. काका म्हणाले, "आयुष्यभर माउस चालवला, त्याचं आहे हे." काकूंना पटलं नाही, कारण माउस दुसऱ्या हातात असायचा. त्यांनी औषध द्यायला घरी येणाऱ्या नर्सला सांगितलं. तपासलं तेव्हा नळीभोवती सूज निघाली. नळी काढून दुसऱ्या हाताला लावली, आणि काही आठवड्यांत मुंग्या गेल्या.

दोन्ही घरांत यंत्राच्या आधी माणसाला कळलं. चाळीस वर्षं ज्या चेहऱ्याकडे पाहिलं, त्याच्या पापणीतला दीड मिलिमीटरचा फरक आईला दिसला. मला व्हिडिओवर तो दिसला नव्हता, हेही कबूल करते. मला वाटलं होतं की कॅमेरा तिरका धरलाय.

इथलं आणि तिथलं

आज मानेत सुई घालताना शेजारी अल्ट्रासाउंड ठेवण्याची रीत आहे. पडद्यावर शीर दाबली की मिटते, धमनी मिटत नाही आणि ठोके देत राहते, आणि सुई कुठे चालली आहे ते दिसतं. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००२ सालीच याची शिफारस केली होती. त्यामुळे सुईचे फेरे कमी होतात आणि चुकून धमनीला टोच बसणंही कमी होतं.

भारतात मात्र अल्ट्रासाउंड यंत्र हे फक्त वैद्यकीय उपकरण नाही. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने देशात सर्वात आधी, १९८८ साली कायदा केला, आणि १९९४ साली तो देशभरासाठी आला. प्रत्येक यंत्राची नोंदणी करावी लागते, आणि हातात नेता येणाऱ्या यंत्रांवर तर अधिकच बंधनं आहेत. हा कायदा कशामुळे करावा लागला हे आपल्याला सांगायला नको. पण त्याची एक बाजू अशी की आयसीयूत खाटेशेजारी यंत्र ठेवायचं तरी रुग्णालयाला हे सगळं सांभाळावं लागतं, आणि खर्च वेगळाच. त्यामुळे इथे जे गृहीत धरलं जातं ते लहान गावात प्रत्येक वेळी हाताशी असेलच असं नाही. फोनवर "अल्ट्रासाउंड लावून करणार का?" एवढं विचारायला हरकत नसते. पण रक्तदाब कोसळत असताना त्यासाठी थांबून राहणंही बरोबर नाही. अनुभवी हात नुसत्या खुणांवरूनही ही नळी वर्षानुवर्षं घालत आले आहेत.

पुन्हा जुळतं का?

बहुतेकदा हो, पण सावकाश. १९४३ साली हर्बर्ट सेडन यांनी चेतेच्या इजेच्या तीन पायऱ्या सांगितल्या, त्या आजही वापरतात. पहिलीत तार शाबूत असते, फक्त काम थांबतं. हे काही दिवसांपासून काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांत सुधारतं. दुसरीत आतला तंतू तुटतो पण बाहेरची नळकांडी शिल्लक असते. मग तंतू त्या नळकांडीतून नव्याने वाढतो, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. तिसरीत सगळंच तुटतं, आणि ते आपसूक नीट जुळत नाही. दाब जितका लवकर कमी होईल तितकी गोष्ट पहिल्या पायरीवर थांबण्याची शक्यता जास्त. म्हणूनच लवकर लक्षात येण्याला किंमत आहे.

डॉक्टरांचा सल्ला सोडून माझं ऐकू नका. पण जवळच्या माणसाला सेंट्रल लाइन घालणार असतील, तर एवढं करता येतं. आधी सांगायचं: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मानेची किंवा थायरॉइडची जुनी शस्त्रक्रिया, मानेवर घेतलेलं रेडिएशन, आधीपासून बसलेला आवाज. टोचताना रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याला सांगून ठेवायचं की हातात करंट गेल्यासारखं वाटलं तर न हलता लगेच बोल. आणि नंतर रोज भेटीच्या वेळी पाच गोष्टी पाहायच्या: दोन्ही डोळे सारखे उघडतायत का, आवाज नेहमीचा आहे का, पाणी गिळताना ठसका लागतो का, आडवं झोपल्यावर धाप लागते का, हातात बधिरपणा आहे का. काही वेगळं दिसलं तर फोटो काढा, वेळ लिहून ठेवा आणि 'कालपर्यंत असं नव्हतं' हे शब्द वापरून सांगा. डॉक्टरांना या शब्दांचा खरा उपयोग होतो. नळीला मात्र स्वतः हात लावायचा नाही.

आणि जे माझ्यासारखे साडेबारा तास दूर आहेत, त्यांनी खाटेशेजारी बसलेल्या माणसाला या पाच गोष्टी मराठीत सांगून ठेवाव्यात. व्हिडिओवर आपल्याला दिसेल या भरवशावर राहू नये.

बाबांची पापणी चौथ्या महिन्यात जवळजवळ सरळ झाली. या वसंतात दोघं चँडलरला आली होती. संध्याकाळी अंगणात दिवा न लावता बसलो होतो. आईने सवयीने बाबांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "उजवी बाहुली अजून बारीकच आहे हो," ती म्हणाली. मी वाकून पाहिलं. त्या उजेडात मला काही फरक दिसेना. मोबाइलचा टॉर्च लांबून धरला तेव्हा कुठे दिसला.

"ही कोणती नस म्हणायची?" बाबांनी विचारलं.

"रक्ताची नव्हे, निरोपाची," आई म्हणाली.